निकाल नको, प्रश्न लिहा

रेणुसे सरांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं आणि मी गप्प बसले. प्रश्न सोपा होता, पण लग्न होऊन तीन महिने झालेल्या बाईला तो सोपा नसतो. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो. माझ्या नवऱ्यानं 'गौरी' लिहिलं. नाव सासूबाईंनी आधीच ठरवलेलं होतं, त्या बिचाऱ्याचा त्यात हात नव्हता. तोपर्यंत चोवीस वर्षं मी मनीषा होते. शाळा-कॉलेजच्या सगळ्या कागदांवर मनीषा, आणि घराच्या दारात पाऊल टाकलं की गौरी. आता क्लासच्या फॉर्मवर कोणतं लिहायचं?

सरांनी घाई केली नाही. एक लांबट वही उघडली, टोपण काढून पेन सरसावलं आणि म्हणाले, "दोनी बी सांग. आई हाक मारायची ती पन सांग." मी मनीषा, गौरी आणि मनी अशी तीन नावं सांगितली. त्यांनी ती एका ओळीत तीन रकान्यांत लिहिली आणि चौथा रकाना मोकळा सोडला. "ह्यो गावाचा," ते म्हणाले. "गाव काय म्हणतंय ते कळलं की सांग." मला हसू आलं. कॉम्प्युटर शिकायला आले होते आणि हा म्हातारा माझी जनगणना करत होता.

भोरला एसटी स्टँडच्या मागे भांड्यांचं एक दुकान आहे. त्याच्या माडीवर क्लास होता. क्लास खरा सरांच्या मुलाचा. त्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला, आणि सात कॉम्प्युटर आणि भरलेलं भाडं मागे राहिलं. सर निवृत्त पोस्टमन. वेल्ह्याच्या बाजूच्या वाड्यांमधून त्यांनी चाळीसएक वर्षं टपाल वाटलं, आधी पायी, मग सायकलवर. नोकरीच्या शेवटी शेवटी खात्यात कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीच्यांनी कपाळाला हात लावला आणि हे मुलाकडून रात्रंदिवस शिकत बसले. पुढे पायथनही शिकले. भोरात त्यांची थट्टा व्हायची. पोस्टमन प्रोग्रॅमिंग शिकवतोय म्हणून कुणी कुणी मुद्दाम जिना चढून बघायला यायचे. सर त्यांना पाणी द्यायचे आणि त्यांचीही नावं वहीत लिहून घ्यायचे.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर पुष्कळ. चपला कायम दाराकडं तोंड करून काढायच्या, निघताना वळायला लागू नये म्हणून. चहा बशीत ओतून प्यायचा, पण बशी कीबोर्डच्या जवळ आणायची नाही. कॉम्प्युटरला ते 'साहेब' म्हणायचे. साहेब आज उशिरा उठले, साहेबांना हे कळलं नाही, असं. आणि एका गोष्टीचा त्यांना मनापासून राग होता. पडद्यावर 'सापडलं नाही' अशी अक्षरं दिसली की हा शांत माणूस खुर्चीतून उठून उभा राहायचा.

ही अक्षरं आम्ही सगळे लिहायचो, कारण ती लिहिल्याशिवाय पहिला प्रोग्रॅम पुराच होत नाही. पहिला धडा असायचा गावांचा. गावाचं नाव टाईप केलं की त्याचा पिनकोड दिसला पाहिजे. त्यासाठी सरांनी भिंतीला टपाल कार्यालयातलं एक जुनं लाकडी कपाट ठोकलं होतं. त्याला चाळीस खण, प्रत्येक खणावर गावाच्या नावाची चिठ्ठी. पायथनमध्ये डिक्शनरी नावाची जी गोष्ट आहे ती हुबेहूब हीच, असं ते सांगायचे. चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच टाईप केलं तर खण उघडतो. पुढे एक मोकळी जागा जरी जास्त पडली तरी साहेब म्हणतात, असा खणच नाही. मग मोकळ्या जागा कापायच्या कशा, 'मुक्काम पोस्ट', 'फाटा', 'बुद्रुक' ही पुढची-मागची शेपटं काढायची कशी, एकाच खणावर चार चिठ्ठ्या लावायच्या कशा, हे शिकण्यात आमचे दोन महिने गेले.

प्रोग्रॅम झाला की तो सर तपासत नसत. खाली जाऊन ते रस्त्यावरच्या कुणालाही घेऊन यायचे. एकदा स्टँडसमोर भाजी विकणारी एक म्हातारी आणली. प्राची नावाची आमच्यात सगळ्यात हुशार मुलगी होती, तिचा प्रोग्रॅम तयार होता. तिनं म्हातारीला गाव विचारलं. म्हातारी म्हणाली, "वरल्या अंगाला." प्राचीनं तसंच टाईप केलं. सापडलं नाही. मग म्हातारी म्हणाली, "टाकीपाशी." सापडलं नाही. तिनं पडद्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि अगदी सरळपणे विचारलं, "मंग म्या ऱ्हाती कुठं?" आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी तिला जिना उतरवून दिला आणि वर येऊन फळ्यावर लिहिलं: शेवटच्या ओळीत निकाल लिहायचा नाही, प्रश्न लिहायचा. म्हणजे नाव जुळलं नाही तर प्रोग्रॅमनं 'सापडलं नाही' असं म्हणून दार लावून घ्यायचं नाही. 'याला आणखी काय म्हणतात?' असं विचारायचं. पुन्हा नाही जुळलं तर पुन्हा वेगळं विचारायचं. "तीन घरं विचारल्याबिगर कार्ड परत न्यायचं न्हाई," असं ते म्हणायचे.

प्राचीनं यावर तोडगा काढला. नाव जुळलं नाही तर त्यातल्या त्यात जवळचं नाव साहेबांनी आपणच शोधून काढायचं. तिचा प्रोग्रॅम फारच झकास चालला, आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी तो तासभर वापरून बघितला आणि तिला म्हणाले की अंदाजानं टाकलेलं टपाल भलत्याच्या दारात पडतं आणि ज्याचं असतं त्याला तर पत्ताच लागत नाही. प्राची रुसली. मलाही वाटलं, म्हातारा जरा जास्तच करतोय. पिनकोडच तर आहे, त्यात कुणाचा जीव जातोय?

वर्षभरानं मला याचं कारण कळलं. नसरापूरला एका ऑफिसात डेटा एन्ट्रीची जागा निघाली होती. मी ऑनलाईन फॉर्म भरला आणि तो परत आला. मार्कशीटवर मनीषा, आधारवर गौरी. माणूस एकच, पण फॉर्मच्या हिशेबानं मी कुणीच नव्हते. मी क्लासमध्ये येऊन रडले. नोकरीचं दुःख होतंच, पण जास्त राग कशाचा आला तर मला कुणी साधं विचारलंही नाही याचा. सरांनी मला रडू दिलं. मग खुर्ची ओढून समोर बसले आणि त्यांनी मला एका पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली. आधी कुणालाच सांगितली नव्हती, मुलालाही नाही.

नोकरीला लागून त्यांना सहा महिने झाले होते. गुंजवण्याच्या अलीकडे एक वाडी आहे, तिथलं एक कार्ड आलं. पाठवणारा सारोळ्याचा. कार्डावर नाव होतं, यमुना धोंडिबा मोरे. कार्ड उघडंच असतं, त्यांनी वाचलं. आईला बरं नाही, तुला बोलावलंय, असेल तशी निघ. बस, एवढंच. सर वाडीत गेले. मोरे नावाचं त्या वाडीत एकही घर नव्हतं. गिरणीवर विचारलं, शाळेत विचारलं. तिसऱ्या दिवशी एका अंगणात एका म्हातारीला विचारलं, "हितं यमुना कोण हाय का?" म्हातारीनं खरं तेच सांगितलं, की इथं यमुना कुणी नाही. तिची सून त्या वेळी घरात होती की पाण्याला गेली होती हे सरांना कधीच कळलं नाही. त्या सुनेचं नाव लक्ष्मी. लग्नात ठेवलेलं. यमुना हे तिचं माहेरचं नाव, त्या घरात ते कुणी उच्चारलेलंही नव्हतं. आजारी आईला लिहिता येत नव्हतं. तिनं शेजारच्या पोराला सांगितलं, यमुनेला लिही, आणि पोरानं शाळेच्या दाखल्यावर असतं तसं बापाचं नाव, माहेरचं आडनाव लावून लिहून टाकलं. जावयाचं नाव आईनं घेतलं नाही, जावयाचं नाव कसं घ्यायचं?

सरांनी कार्डावर 'सापडत नाही' असा शेरा मारला आणि ते परत पाठवलं.

पंधरा-वीस दिवसांनी त्याच वाडीत दुसरं पत्र आलं. या वेळी ते भावानं लिहिलेलं होतं, नवऱ्याच्या नावानं, सगळं व्यवस्थित. घरात वाचणारं कुणी नव्हतं म्हणून लक्ष्मीनं सरांनाच वाचायला सांगितलं. अंगणात उभं राहून त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. आई गेली. आधी कार्ड टाकलं होतं, तू आली नाहीस. शेवटपर्यंत यमुना यमुना करत होती. वाचता वाचता सरांना कळलं की समोर कोण उभं आहे. ती म्हणाली, "पयलं कार्ड आलंच न्हाई की ओ." आणि सर म्हणाले, "न्हाई. आलं न्हाई."

"तेवढं खोटं म्या बोललो," सर मला म्हणाले. "बाकी समदी चूक झाली म्हणता येईल. ही चूक न्हवं."

त्यानंतर कितीतरी वर्षं त्या अंगणात ते टपाल घेऊन जात राहिले. ती त्यांना पाणी द्यायची, कधी ताक. ते प्यायचे आणि सायकलवर बसायचे. सांगायचं म्हणून गेले आणि न सांगता आले, असं किती वेळा झालं ते त्यांनाही मोजता आलं नसतं. माझा फॉर्म त्यांनी पुढच्या आठवड्यात स्वतः ऑफिसात जाऊन, दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र जोडून मार्गी लावला. नोकरी मला मिळाली. त्यांचं मात्र तिथंच राहिलं होतं.

दिवाळीच्या आधी नसरापूरच्या बाजारात त्यांना त्या वाडीतला एक माणूस भेटला. लक्ष्मीकाकू आता कुणाला ओळखत नाही, असं तो बोलता बोलता म्हणाला. सर तसेच माझ्या ऑफिसात आले. दारात उभे राहून म्हणाले, "पोरी, रविवारी मला वाडीवर नेशील का? आता न्हाई सांगितलं तर ऱ्हाऊनच जाईल." बाईच्या घरी जायचं तर सोबत बाईमाणूस असावं, हाही त्यांचा हिशेब होता.

मी स्कूटीवरून त्यांना घेऊन गेले. मागे बसून ते वाटभर पुटपुटत होते. मार्गासनीच्या पुढे वळलो तेव्हा मला ऐकू आलं. काय बोलायचं त्याची ते तयारी करत होते. कार्ड आलं होतं, म्याच परत पाठवलं, म्या खोटं बोललो. एवढीच तीन वाक्यं, पुन्हा पुन्हा.

घर तसंच होतं, फक्त वर पत्रा आला होता. सून कविता, माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी, हात पुसत बाहेर आली. तिनं सांगितलं की आत्या दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, लक्ष्मी म्हणून हाक मारली तर वळूनही बघत नाहीत, लेकाला ओळखत नाहीत. काकू सोप्यात बसल्या होत्या, पदर नीट डोक्यावर. सर त्यांच्यासमोर खाली बसले. "काकू, म्या पोस्टमन," ते म्हणाले. काही नाही. "लक्ष्मीकाकू." काही नाही. मला वाटलं, आता उठतील. सरांनी हात मांडीवर ठेवले आणि पत्ता वाचावा तसं संथपणे म्हटलं, "यमुना धोंडिबा मोरे."

म्हातारी वळली. चेहरा इतका खुलला की कवितानं हातातलं फडकं खाली टाकलं. "सारोळ्याचं का तुमी?" तिनं विचारलं. "माझी आय कशी हाय?"

सर तीन वाक्यं पाठ करून आले होते. त्यांतलं एकही त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, सांगा, आता तरी सांगा. त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "आयला बरं न्हाई. तुला बोलावलंय. असेल तशी निघ."

त्यांना वाटलं असेल की निदान कार्ड तरी पोचतं करावं. मला तेव्हा ते सुचलं नाही. कारण काकू लगेच उठल्या. ज्या बाईला दोन महिने धरून चालवत होते ती ताडकन उठली, खुंटीवरची पिशवी काढली आणि तिच्यात एक लुगडं कोंबायला लागली. गाडी किती वाजता आहे, ती विचारत होती. कवितानं अडवलं तर तिनं कविताला ढकललं, ही कोण बाई आहे म्हणून ओरडली. मी धरलं, मलाही आवरेना. आई वाट बघतेय, आई वाट बघतेय, म्हणून ती तासभर रडली आणि दमून झोपली. तेवढा वेळ सर अंगणात हात लोंबकळत सोडून उभे होते. परत येताना मी त्यांना टाकून बोलले. एवढं सांगायची काय गरज होती, असं विचारलं. नसरापूरला उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, "आता ह्याचं काय करायचं?" मला काय ठाऊक?

आठवड्यानं कविताचा फोन आला. तिनं भांडायला केला नव्हता, ती रडकुंडीला आली होती. आत्या सगळं विसरतात, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण हे एक विसरत नाहीत. रोज सकाळी पिशवी घेऊन दारात. एकदा तर डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेल्या, दूधवाल्यानं माघारी आणलं. "सरांनी सांगितलंय, सरांचंच ऐकत्याल," ती म्हणाली. "त्यांना पाठवा तेवढं."

सर जायला लागले. आधी रविवारचे, मग एक दिवसाआड, मग सकाळची बॅचच त्यांनी प्राचीकडे दिली. पहिल्या खेपेला त्यांनी काकूंना खरं सांगितलं, की आई केव्हाच गेली. काकू आत्ताच कळल्यासारखं छाती बडवून रडल्या. दुसऱ्या दिवशी ते रडणं विसरल्या आणि पिशवी घेऊन दारात बसल्या. सरांनी पुढच्या खेपेला पुन्हा खरं सांगितलं. पुन्हा तेच. पुन्हा आई गेली, पुन्हा आजच गेली. तिसऱ्यांदा सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. मला हे त्यांनी ऑफिसच्या पायरीवर बसून सांगितलं. खूप दमलेले दिसत होते. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू. दाखवलंही. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि काकू दारात पिशवीवर डोकं ठेवून झोपायला लागल्या.

सर त्या थंडीतच गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या पंधरा दिवस आधी. मी ऑफिसच्या कामानं वेल्ह्याला गेले होते, येताना मुद्दाम वाडीकडे वळले. दुपारची वेळ होती, कविता भात पाखडत होती. तिनं नुसती मान सोप्याकडे केली.

दोघं पायरीवर बसले होते. मधे पिशवी. सरांनी अंगात खाकी जर्किन घातलं होतं, काकूंनी जायचं म्हणून चांगलं लुगडं नेसलं होतं. काकूंनी गाडी केव्हा आहे विचारलं. सर म्हणाले, "आज गाडी बंद हाय. उद्या हाय." त्यांनी रस्त्याकडे बघितलं. मग त्यांनी पिशवी सरांकडे सरकवली आणि सर तिची गाठ सोडायला लागले. गाठ लवकर सुटेना.

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"दादा, तुमी सांगाया आलात त्ये लई बरं केलंत," त्या म्हणाल्या. "न्हाईतर मला कुणी सांगितलं असतं?"

सरांनी मान वर केली नाही. ते गाठ सोडत राहिले.